पाच नंबरची बरणी

बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, हल्ली येते तशी. सकाळची मीटिंग चालू होती. लॅपटॉपशेजारी ठेवलेला फोन थरथरला आणि नागपूरहून फिरत फिरत आमच्या इमारतीच्या मराठी ग्रुपवर आलेला एक फलक उघडला. दोन बाजूंना मेणबत्त्या, वर ‘भावपूर्ण आदरांजली’ आणि मध्ये एका गोऱ्यापान, गुळगुळीत गालांच्या बाईचा फोटो. कोण बुवा ही, असं मनात म्हणत मी हात जोडल्याची खूण टाकली आणि फोन पालथा घालणार, तेवढ्यात खालचं नाव वाचलं. कालकथित विशाखा मेश्राम. आमच्या विशाखाताई... त्या दोन महिन्यांपासून नागपूरला भावाकडे होत्या, उपचार थांबले होते, हे सगळं मला ठाऊक होतं. बातमी आज ना उद्या येणार हेही ठाऊक होतं. पण ज्या बाईशी दोन वर्षं रोज बोललो, तिचाच फोटो बघून मी ‘कोण बुवा ही’ म्हणालो, याचा जो संताप आला तो रडण्याच्या आधी आला. या लेखातही तो डोकावेल. त्याला माझा इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो करायचाही नाही.

आमची ओळख भांडणाने झाली. मी पुण्याहून नोकरीसाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट वस्तीत आलो त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. इमारतीची मालक असलेल्या गृहसंस्थेचं एक पत्र आलं. मैदानाच्या बाजूला आडव्या गेलेल्या भिंतीवरचं जुनं चित्र खराब झालं आहे, ते पुसून भिंतीला छान फिकट रंग देऊ, तुमची संमती कळवा. पोपडे निघालेली ती भिंत माझ्या स्वयंपाकघरातून दिसायची. मी लगेच ‘हो’वर खूण करून सही ठोकली. दोन दिवसांनी दारात याच इमारतीतल्या एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्याला सायकलची पिशवी. मराठी पाटी वाचून त्यांनी थेट मराठीतच विचारलं, “कुलकर्णी, तुम्ही त्या कागदावर सही केली का हो?” मी म्हणालो, हो, केली. “चित्र कोणाचं आहे ते पाह्यलं का?” मी म्हणालो, कुणीतरी खेळाडू आहेत. “कुणीतरी नाही. नऊ माणसं आहेत. चला खाली, चपला घाला.” चहा विचारायची सवडही त्यांनी मला दिली नाही.

तर ती भिंत. नऊ जण, बेसबॉलच्या जुन्या ढगळ कपड्यांत, दोन ओळींत. वरच्या ओळीतले चौघे अमेरिकेतले. गोऱ्यांच्या संघात काळ्या खेळाडूला जागा नव्हती त्या काळात काळ्या माणसांनी स्वतःचे संघ आणि स्वतःच्या स्पर्धा उभ्या केल्या, त्यांतले. खालच्या ओळीतले पाच जण याच वस्तीतले. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून इथे आलेले, दिवसा गोदीत आणि गोदामांत राबणारे आणि रविवारी समोरच्या मैदानात खेळणारे. इथल्या क्लबांनी त्यांना आधी बाकावर बसवून ठेवलं, मग त्यांनी आपला संघ काढला. पुढे वस्तीतल्याच लोकांनी शिड्या लावून हे चित्र काढलं. त्या पाचांपैकी एकच हयात होते, ओम रुडी. इथे वडीलधाऱ्याला ‘ओम’ म्हणतात, आपल्या काकांसारखं. त्या दिवशी ते भिंतीखालच्या बाकावर बसले होते. ताईंनी माझी ओळख करून दिली ती अशी : “ओम रुडी, तुम्हाला पुसून टाका म्हणून सही केली ते हे साहेब.” म्हाताऱ्याने माझा हात हातात घेऊन शांतपणे हलवला. मी त्याच संध्याकाळी सही मागे घेतल्याचं पत्र लिहिलं.

गृहसंस्थेच्या बैठकीला आम्ही पंधरा-वीस जण गेलो. तिथल्या बाईंनी गोड हसत नवा पर्याय पुढे केला. चित्र नव्याने काढू, पण आजच्या काळाला शोभेल असं. खेळाडूंच्या नुसत्या आकृत्या, निळ्या, जांभळ्या, केशरी, म्हणजे सगळ्यांनाच त्यात आपलं काही दिसेल. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या, खोटं कशाला बोलू, माझीही डोलली. ताई उभ्या राहिल्या. त्यांचं डच नाकात बोलल्यासारखं होतं, पण अडत नसे. त्या म्हणाल्या, “ही माणसं जांभळी होती म्हणून त्यांना बाकावर बसवलं नव्हतं.” एवढंच म्हणून खाली बसल्या. शेवटी आम्हाला मुदत मिळाली. वस्तीने आपल्या हाताने चित्र दुरुस्त करावं, दोन वर्षांत नऊही चेहरे पुरे झाले तर भिंत राहील, एक जरी अपुरा राहिला तर भिंत फिकट होईल. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ताई, आपल्याला रंगवता कुठे येतं? “तुम्हाला नाही येत. मी पेंटरची पोर आहे.”

त्या लायडनच्या सायन्स पार्कात औषधांच्या प्रयोगशाळेत होत्या, पण त्यांचे वडील नागपुरात दुकानांच्या पाट्या आणि जयंतीच्या मिरवणुकीचे फलक रंगवायचे. त्यामुळे बाई रंग कालवायला बसली की अर्धी प्रयोगशाळा आणि अर्धी वडिलांची शिडी असा प्रकार असायचा. भिंतीची मागे एकदा कुणा कंत्राटदाराने डागडुजी केली होती, तेव्हा नऊच्या नऊही चेहऱ्यांना एकाच डब्यातला तपकिरी रंग फासला होता. ताईंना त्याचाच सगळ्यात जास्त राग. “नऊ माणसं अन् एक रंग? काय दरवाजे आहेत का?” मग त्यांनी लोणच्याच्या नऊ बरण्या धुऊन घेतल्या. खालच्या ओळीतल्यांची मुलंनातवंडं शोधून काढली, जुने रंगीत फोटो मागवले, “आजोबा कुणासारखे होते?” असं विचारून, ज्याचं नाव निघेल त्या नातवाला भिंतीपाशी उभं करायचं, त्याचा हात विटेवर टेकवायचा आणि रंग जुळवायचा. वरच्या चौघांचे फोटो काळेपांढरे, म्हणून तिथे पोपड्यांच्या खालचा मूळ थर खरवडून बघायचा. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून विटेच्या तुकड्यावर लावून एक दिवस थांबायचं. आणि हे सगळं फक्त ढगाळ उजेडात, कारण ऊन पडलं की डोळे फसतात. हॉलंडच्या आभाळाचं कौतुक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे विशाखाताई.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. सात-आठ शनिवार मी नुसता खरवडायचं काम केलं आणि मग मला बढती मिळाली, पाच नंबरचा चेहरा. बरणी तयार होती, वर ताईंच्या अक्षरात नाव होतं, मला फक्त लावायचा होता. मी गालाला पहिला हात मारला आणि मला वाटलं, फारच काळा होतोय. बिचारा एवढा मोठा खेळाडू, लोक बघणार, जरा बरा दिसायला नको? मी बरणीत थोडा पांढरा घातला. मग आणखी थोडा. अगदी प्रेमाने केलं हो ते. आमच्याकडे सगळं प्रेमानेच करतात. बहिणीच्या स्थळासाठी फोटो काढला तेव्हा बाबांनी स्टुडिओवाल्याला “जरा उजळ ठेवा” असं सांगितलं होतं, ते काय द्वेषाने? चेहरा पूर्ण झाला आणि मी शिडीवरून उतरून लांबून बघितलं, छान वाटलं. बाकावरून ओम रुडी उठले, जवळ आले, बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, “वी इस दॅट?” म्हणजे, हा कोण? वीस वर्षं ज्याच्या शेजारी खेळले, त्या दोस्ताला म्हातारा ओळखेना. ताई आल्या. भिंतीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. “कुलकर्णी, हे काय करून राहिले तुम्ही? हे पाच नंबरवाले नाहीत. हे तुमचे मामा आहेत.”

मी चिडलो. म्हणालो, थोडं उजळ झालं तर काय बिघडलं, वाईट तर दिसत नाही ना? त्यांनी ब्रश खाली ठेवला. “वाईट? तुमच्याकडं कुणी काळं नसतंच. ‘काळी पण नाकीडोळी नीटस’ असते. ह्या माणसाला आयुष्यभर त्या ‘पण’पाशी अडवलं. आता भिंतीवर तरी सोडा त्याला.” तो चेहरा मी दोन शनिवार खरवडत होतो, त्यांनी मदतीला हातसुद्धा लावला नाही. बिघडलेला रंग मी फेकायला निघालो तर म्हणाल्या, ठेवा. बरणीवरची जुनी चिठ्ठी काढली, नवी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, ‘कुलकर्णींचे मामा’. ती माझ्याच खिडकीत ठेवायला दिली, मग पाच नंबरसाठी दुसरी बरणी धुवायला घेतली.

त्यांनी एवढं का ताणलं ते मला नंतर कळलं, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांना कॅन्सर निघाल्यावर, कीमोच्या पहिल्या फेरीनंतर. मी वरणभात घेऊन गेलो होतो. त्यांची लेक मैत्री, लायडनला शिकणारी, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत, ती ताटं मांडत होती. भिंतीवर एका बाईचं रंगवलेलं चित्र होतं. ताईंची आई. ताई सात वर्षांच्या असताना ती गेली आणि वडिलांनी आठवणीने तिचं चित्र काढलं. “बाबांचा हात गिऱ्हाइकाच्या सवयीचा. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, पेंटरसाहेब, जरा उजळ करा. तोच हात आईवर फिरला. मी म्हटलं, ही आई नाही. बाबा म्हणाले, बेटा, चांगली दिसते ना...” ताईंनी चित्राकडे बोट केलं. “आता मला आईचा रंग आठवत नाही, कुलकर्णी. चाळीस वर्षं हेच चित्र पाहून पाहून खरा रंग पुसला गेला. डोळे मिटले की हीच गोरी बाई येते.” मैत्री पाण्याचे पेले ठेवता ठेवता थबकली. हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे ताई आणि मुदत यांची शर्यत होती. त्या आधी शिडीवरून खुर्चीवर आल्या, मग खुर्चीवरून खिडकीत. तिथून फोनवर ओरडायच्या. आठ चेहरे झाले. नववा ओम रुडींचा, तरुणपणीचा. त्यांचा हट्ट होता की आधी गेलेल्यांचे होऊ द्या, मी काय इथेच आहे. ताईंनी नववी बरणी त्यांच्या दंडाला जुळवून, वाळवून, पुन्हा जुळवून तयार केली, आणि नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या हातात दिली. “काही घालायचं नाही,” एवढंच म्हणाल्या. मी काही घातलं नाही. मुदत संपायला चार दिवस उरले असताना चेहरा पुरा झाला आणि मी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे उशीवर एवढासा चेहरा. खूप वेळ पाहून त्यांनी विचारलं, “उजेड कसा आहे?” म्हटलं, ढगाळ. “मग बरोबर आहे.” मागे बाकावर बसलेले ओम रुडी आपल्याच चेहऱ्याला हात हलवत होते. भिंत राहिली. ते आमचं शेवटचं बोलणं.

आणि तीनच आठवड्यांनी तो फलक. नागपूरला त्यांच्या धाकट्या भावाला फोन केला तेव्हा ते हुंदके देत होते. “स्टुडिओवाल्यानं थोडा साफ करून दिला फोटो. ताई चांगली दिसावी म्हणून...” मी पाच नंबरला जे केलं तेच ते करत होते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रेमाने. मैत्री नागपूरहून परत आल्यावर इथे सभागृहात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला आणि तोच फोटो मोठा करून चौकटीत बसून आला. मैत्रीने कागद सोडला, पाहिलं आणि म्हणाली, “काका, दॅट्स नॉट हर.” मग पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, “मी विसरणार नाही आहे.” मी घरी जाऊन खिडकीतली बरणी घेऊन आलो आणि चौकटीला लावून धरली. तंतोतंत तोच रंग. कुलकर्णींचे मामा. आम्ही दोघं आधी हसलो. नंतरचं लिहीत नाही.

तो फोटो आम्ही लावला नाही. लोक काय म्हणतील, मैत्रीचे मामा दुखावतील, पाहुणे विचारतील, सगळं झालं, तरी लावला नाही. मैत्रीने मामांना फोन करून स्वतः सांगितलं, तोडक्यामोडक्या मराठीत, आणि ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, तुझ्याकडे असेल तो पाठव, मी इथलाही बदलतो. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा समोर मैत्रीच्या फोनमधला फोटो होता. सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसलेल्या ओम रुडींनी कोण म्हणून विचारलं नाही.

पुरवणीच्या संपादकांनी लेखासोबत फोटो मागितला आहे. तोच पाठवतो आहे. शनिवार आहे, आभाळ भरलेलं आहे, ताई भिंतीपाशी उभ्या आहेत, हातात ब्रश, कपाळावर आठ्या, कारण शिडीवर मी आहे. तुमच्याकडे फोटो नीट करून छापणारा जो कुणी असेल, त्याला माझा निरोप द्या. प्रेमाने काही करू नका. छपाईत फार काळ्या आल्या असं वाटलं तर लेख परत पाठवा, पण त्यांना हात लावू नका.