वहीतून निघालेलं पान

"आधी पाठ, मग पान!"

हे ऐकल्याशिवाय त्यांच्या खोलीत कोणाला फोटो चिकटवता आला नाही. आधी फोटोच्या पाठीवर लिहायचं: कोण, कुठे, कधी. तेही शिसपेन्सिलने, हलक्या हाताने, नाहीतर पुढे चेहऱ्यावर वळ उठतो. मग तो वहीच्या पानावर लावायचा. कोणी घाई केली की ते हातातून फोटो काढून घ्यायचे, उलटा करायचे आणि कोऱ्या पाठीवर बोट आपटून विचारायचे, "हा मुका आहे काय? बोलत का नाही?"

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. चाळीत सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, तेवढं पुरे. नाव नसलेला फोटो बेवारस, असं ते म्हणत. मग राहू देत बेवारस. इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो पोटात ठेवून वर साखर पेरायला मला जमत नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्त झालेली, बायको गेलेली, मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, आणि हातात नको इतका वेळ. बहुतेक जण पेपर वाचतात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. अप्पांनी मुलुंडच्या एका कंपनीत तीस वर्षं रेकॉर्ड विभागात कागद लावले होते. ते सुटल्यावर त्यांनी घाटकोपरची आमची अख्खी चाळ लावायला घेतली. चौदा खोल्या, चौदा घरांचे फोटो, आणि त्या सगळ्यांची मिळून एक वही. काळ्या जाड पानांची, मध्ये बटरपेपर, कडेने दोऱ्याने शिवलेली. तिला ते "चाळीची वही" म्हणायचे.

चाळीत तेव्हा एकच रंगीत टीव्ही होता आणि रविवारी सकाळी सगळी पोरं त्याच्यासमोर. मी मात्र अप्पांकडे. तेवीस वर्षांची घोडी, एका ऑफिसात टायपिस्ट, आणि रविवारी फोटो चिकटवत बसते, म्हणून आई चिडायची. पण माझं अक्षर चांगलं, म्हणून पानावरच्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. काळ्या पानावर पांढऱ्या पेन्सिलने. अप्पा शेजारी बसून खळ ढवळत असायचे. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे वहीला कसर लागत नाही.

त्यांची शिस्त मात्र अजब होती हं. एका रविवारी एकच पान. हात कितीही शिवशिवला तरी दुसरं घ्यायचं नाही.

"अप्पा, अजून वेळ आहे, करूया ना एक!"

"नाही. भूक ठेवून उठायचं. पोट भरलं की पुढच्या रविवारी येणार नाहीस तू."

आणि उठण्याआधी पुढच्या पानाचे फोटो काढून वर ठेवायचे, म्हणजे आठवड्याने आलं की कुठून सुरू करू म्हणून डोकं खाजवत बसायला नको. बुटांच्या खोक्यात त्यांनी पुठ्ठ्याचे चार कप्पे केले होते. लग्नं-मुंजी, सणवार, माणसं, आणि चौथ्यावर लिहिलं होतं, "काय ते कळत नाही." तोच कप्पा सगळ्यांत भरलेला.

कोणी कंटाळलं, दोन रविवार आलं नाही, तर रागवायचे नाहीत. त्या माणसाच्याच घरचा एखादा फोटो घेऊन दारात उभे राहायचे. एकदा आठ नंबरमधल्या वहिनींना म्हणाले, "तुमची मावशी माझ्याकडे पंधरा दिवस बसून आहे हो. तिला घेऊन जा नाहीतर तिचं पान तरी करा." वहिनी हसत हसत पदराला हात पुसून आल्या.

तारखेचा तर त्यांना ध्यासच. आमच्या बायकांना तारीख कुठली माहीत! "तेव्हा बाळ्या पोटात होता," एवढंच त्या सांगणार. अप्पा वकिलासारखे उलटतपासणी घ्यायचे.

"पोटात कितवा महिना?"

"इश्श! अप्पा, काहीतरीच काय!"

"लाजू नका. उलट्या होत्या की डोहाळजेवण झालं होतं?"

"गणपतीत उकडीच्या मोदकांचा वास सहन होत नव्हता मला."

"बास. म्हणजे भाद्रपद, तिसरा महिना. लिही गं शैला."

मी लिहायची. खरं सांगते, झकास वाटायचं. कालपर्यंत डब्यात पडलेले चेहरे पानावर आले की आपापल्या जागी बसायचे. माझे वडील मी दुसरीत असताना गेले. त्यांचा एकुलता एक फोटो अप्पांनी वहीत लावायच्या आधी आठ दिवस जाड पुस्तकाखाली दाबून सरळ केला होता. त्या माणसावर मी जीव टाकायची. वडील असते तर असेच असते, असं मी आईला बोलूनही दाखवलं होतं.

आता त्या पानाचं सांगते.

आमची खोली आमच्या नावावर नव्हती. भाडेपावती भाऊकाकांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या नावावर. ते एकटे. वडील गेल्यावर त्यांनीच आईला आणि मला या खोलीत आणलं. पुढे मिल सुटली, गुडघे गेले, आणि एक दिवस म्हणाले, "माका आता गावाकच बरा वाटता." चाळीने त्यांना निरोप दिला. शाल, श्रीफळ, आणि अप्पांच्या कॅमेऱ्यातून एक फोटो. मधोमध भाऊकाका शाल पांघरून, डोळे पाणावलेले, मागे सगळी चाळ. पुढच्याच रविवारी अप्पांनी त्याचं पान करायला घेतलं, आणि मी माझ्या सुंदर अक्षरात, पांढऱ्या पेन्सिलने लिहिलं: "भाऊकाका कायमचे गावी निघाले, तो दिवस." खाली तारीख. आम्ही शहाणी माणसं! कागदावर जो भाडेकरू हलायलाच नको होता, त्याचा आम्ही समारंभ केला, फोटो काढला आणि वर तारीखही घातली.

चार वर्षांनी मालकाला तिथे बिल्डिंग बांधायची लहर आली. मग नोटिसा. आमच्यावरची अशी: मूळ भाडेकरू खोली सोडून गेला आहे, आता आत परकी माणसं राहतात. आमचा वकील म्हणाला, घाबरू नका, काका गावी जाऊन-येऊन असतात असं सांगा, ते गेलेत हे त्याला सिद्ध करता आलं पाहिजे ना! खोटंच होतं ते, कशाला लपवू? पण त्या खोलीशिवाय आम्हाला डोक्यावर छप्पर नव्हतं. सगळी चाळ आमच्या बाजूने होती. विचारलं तर प्रत्येक जण सांगणार होता की भाऊ इथेच असतात, परवाच तर नळावर भेटले.

कोर्टात आईने तेच सांगितलं. मग मालकाच्या वकिलाने एक काळा कागद पुढे केला आणि विचारलं, "बाई, हे अक्षर कोणाचं?"

आईला वाचायला चष्मा लागतो. मला लागत नाही. मी मागच्या बाकावरून ओळखलं.

वाट लागली, हे तर कळलंच. पण मला त्याहून काहीतरी वेगळं दिसत होतं. ते पान फाडलेलं नव्हतं. कडेला शिलाईची भोकं तशीच्या तशी शाबूत होती. कोणीतरी सावकाश बसून दोरा सोडवला होता, पान काढून घेतलं होतं आणि फोटोला धक्कासुद्धा लागू दिला नव्हता. असे हात अख्ख्या घाटकोपरात एकाच माणसाचे होते. आणि असं पान आहे, हे मालकाला कुठून कळणार? त्याने काय आमची वही पाहिली होती?

मी कोर्टातून थेट त्यांच्या खोलीत गेले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. ते चटईवर बसून कसलीशी कात्रणं कापत होते.

"तुम्ही दिलंत?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "दिलं."

"कधी?"

"आषाढात. एकादशीच्या आदल्या दिवशी."

तिथेही तारीख! आणि आता गणपती येऊन गेले होते. म्हणजे दोन महिने. दोन महिने दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी मला चहा दिला होता, खळ कालवून दिली होती, "भूक ठेवून उठ" म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्याकडून आठ पानं करून घेतली होती. त्यातल्या एकावर तर माझ्या आईचा फोटो होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारा वर विचारत होता, चहात साखर बरी आहे ना?

"त्यात खोटं काय लिहिलंय, शैला?" ते हळू म्हणाले.

"खोटं-खरं गेलं चुलीत! तुम्ही शोधून काढून दिलंत ते! कोणाला आठवत होतं ते पान? तुम्हाला आणि मला!"

"माझ्यावरही नोटीस होती."

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

"माझी खोली माझ्या आईच्या नावावर आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मालकाचा माणूस म्हणाला, तुमचं मिटवून टाकू, नव्या इमारतीत तळमजल्यावर जागा देऊ, फक्त इतरांचं काय ते सांगा. मी म्हटलं, मला बोलायला जमणार नाही, पण..." ते थांबले. "मुलाकडे सूनबाईची आई असते. मी कुठे जाऊ गं या वयात?"

"आणि आम्ही कुठे जायचं?"

ते चटईवर पडलेले कागदाचे बारीक तुकडे एकेक उचलून तळहातावर घेत बसले. मी तशीच निघून आले.

आई रडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "जाव दे गो. तेका तरी दुसरा घर खय आसा?" मला आईचाही राग आला. माफ करायची एवढी कसली घाई? आमची खोली जात होती आणि ही त्यांच्या घराची काळजी करत होती!

चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. नळावर कोणी सरकून जागा देईना. रविवारी त्यांचं दार उघडं असायचं, आत चटई अंथरलेली दिसायची, आणि दोन-तीन तासांनी ते स्वतःच उठून ती गुंडाळून ठेवायचे. मी पाहायची आणि मला बरं वाटायचं. होय, बरं वाटायचं.

आम्ही निकालाची वाट न बघता विरारला एक खोली घेतली. निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकात लागला, सामान चढलं, चाळीतल्या बायका आईभोवती गोळा झाल्या. तेवढ्यात अप्पा आले. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यात तो जुना कॅमेरा. सगळ्या बाजूला सरकल्या. त्यांनी कोणाकडे न बघता कॅमेरा डोळ्याला लावला.

आई म्हणाली, "अप्पा, नेहमी तुम्हीच काढता. आज तुम्ही उभे राहा. शैला काढेल."

ते आधी नाही-नाही म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा दगडासारखा असणार. तरी त्यांनी पट्टा गळ्यातून काढला, कॅमेरा माझ्या हातात दिला, बटण कुठलं ते दाखवलं, आणि जाऊन आईच्या शेजारी अगदी कडेला उभे राहिले. केसांवरून हात फिरवला. शर्टाचं वरचं बटण लावलं. मी काचेतून पाहिलं. सगळे मावत होते.

मी कॅमेरा थोडासा डावीकडे वळवला आणि बटण दाबलं.

महिन्याभराने विरारच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत तो फोटो, मोठा करून घेतलेला, दोन्हीकडे पुठ्ठा लावून. रोल त्यांनीच धुवायला दिला होता, म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. आई होती, आठ नंबरच्या वहिनी होत्या, पोरं होती, टेम्पोसुद्धा होता. आईच्या खांद्यापाशी पांढऱ्या बाहीचा एक तुकडा होता. पाकिटात चिठ्ठी नव्हती.

नवी इमारत उभी राहायच्या आतच अप्पा गेले. वहिनींनी निरोप धाडला तेव्हा मी जाणार नव्हते. आई म्हणाली म्हणून तेराव्याला गेले. मुलाने जवळच एक खोली भाड्याने घेऊन तिथे सगळं केलं होतं. अप्पांची सून मला आतल्या बाजूला घेऊन गेली. तिच्या पायाशी बुटांची तीन खोकी उघडी पडली होती.

"तुम्हीच शैलाताई ना? तुमच्याकडे असेल बाबांचा एखादा फोटो? दहा दिवस शोधतोय आम्ही. चौदा घरांतल्या सगळ्यांचे आहेत. बाबांचाच एक नाही. सगळे स्वतःच काढलेले ना."

"नाही," मी म्हटलं.

पाटावर फ्रेम होती, झेंडूचा हार घातलेली. कंपनीच्या पासवरचा फोटो मोठा करून घेतला होता. फोटोतले अप्पा जेमतेम पस्तिशीचे, मी कधी न पाहिलेले, आणि डाव्या गालावरून डोळ्यापर्यंत कंपनीचा गोल शिक्का उमटलेला. फोटो मोठा करताना शिक्काही मोठा झाला होता. तो डोळा धड दिसतच नव्हता.

मी वाकून नमस्कार केला. राग होता तिथेच होता. पण त्या फ्रेमसमोरून हलता येईना.

"बघा ना ताई," सून माझ्यामागून म्हणाली, "एवढाच मिळाला."