दादाची ओपिका

दादाकडच्या राजम्माचा फोन आला तेव्हा मी चिक्कडपल्लीच्या बाजारात वांगी निवडत होते. ‘‘अम्मा, सर गए,’’ एवढंच ती बोलली. आदल्या दुपारी तर मी दादाला दवाखान्यात बजावून आले होते, गुपचूप झोप म्हणून! आयुष्यात माझं त्याने ऐकलेलं हे एकच वाक्य... त्याला आता सात आठवडे होतील.

आम्ही मराठी ख्रिस्ती. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. दादा गौलीगुड्याच्या शाळेत मराठी शिकवायचा, निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घ्यायचा. मी जात्याच तापट, तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही. याला राग आला की हा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचा. काच केव्हाच लख्ख झालेली, तरी पुसणं चालूच. एकदा विचारलं तर म्हणाला, ‘‘प्रभूची प्रार्थना मनात म्हणतो. ती संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हल्लू, बेबी, हल्लू.’’

तीन वर्षांपूर्वी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की हे सर शिकवणीच्या नावाखाली मुलांना बाटवतात. ऱ्हस्व-दीर्घापलीकडे ज्याने कधी काही शिकवलं नाही, तो माणूस! आठवड्याभरात मुलं यायची बंद झाली. खुलासा करा, पोलिसांत जा, म्हणून त्याचा मुलगा सुहास आणि मी हात धुऊन मागे लागलो. दादा चष्मा पुसत राहिला. ‘‘ही श्रद्धा नाही बाबा, भित्रेपणा आहे,’’ असं तोंडावर म्हणून सुहास बंगळुरूला निघून गेला, तो गेलाच. नाताळलासुद्धा फोन नाही. मी लावते म्हटलं की दादा अडवायचा. ‘‘नक्को, बेबी. बोलावलं की माणूस येतं, मन येत नाही. मी थांबेन. तू फोन करणार नाहीस, शब्द दे.’’ दिला मी शब्द. खरं सांगते, मलाही तेव्हा तो भित्राच वाटला होता.

त्या शेवटच्या दुपारी दवाखान्यात गेले तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलणं बंद. वहिनीच्या माघारी दादाचं घर सांभाळणारी राजम्मा शेजारी बसली होती. ‘‘सुबह से फोन हात में पकडे, अम्मा. ओपिका लेदु, ओपिका लेदु बोल रे थे.’’ दादा तिच्याशी तेलुगूतच बोलायचा. माझं तेलुगू भाजीवाल्यापुरतं. आमचा भाजीवाला तीन जिने चढून आला की धापा टाकत हेच म्हणतो. म्हणजे अंगात ताकद उरली नाही. मी दादाच्या मुठीतून फोन सोडवला, पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, ‘‘झोप आता.’’ तो माझ्याकडे बघत राहिला. चष्मा टेबलावर होता, तरी बोटं सदऱ्याचं टोक चोळत होती...

अंत्यविधीला तेलुगू मंडळी खूप जमली होती. पाळकांच्या बोलण्यात एकच शब्द सारखा येत होता, ओपिका. सरांची ओपिका. लोक माना डोलवत होते. मला कळेना, दादाच्या ताकदीचं कसलं कौतुक? त्याला साधं बाटलीचं झाकण उघडायचं नाही! मी हळूच राजम्माला विचारलं, ‘‘ओपिका म्हणजे ताकद ना गं?’’

‘‘हौ अम्मा. सबर कू भी ओपिकाच बोलते.’’

पन्नास वर्षं या गावात राहून मला हा एक शब्द पुरता आला नाही. ताकद संपली म्हणत होता की धीर? मुलाला बोलाव, म्हणत होता का? आता कोण सांगणार! पर्समध्ये फोन होता, त्यात सुहासचा नंबर होता, आणि मी त्याला झोपायला सांगितलं. देवावर रागवावं तर तेवढंही तोंड मला उरलेलं नाही.

सुहास आला, माती दिल्यावर. संध्याकाळी दादाच्या खोलीत माझ्यासमोर बसला. ‘‘आत्या, बाबांनी शेवटी माझी आठवण काढली का गं?’’

एरवी मी फाडकन उत्तर देणारी. टेबलावरचा दादाचा चष्मा उचलला आणि पदराने पुसू लागले. मनात प्रार्थना म्हटली, पार आमेनपर्यंत. सुहास वाट बघत होता.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.