पोटातला गोळा

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लिफ्टमामाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकलो होतो. मनातल्या मनात मृत्युपत्र उरकून शोकसभेतल्या भाषणांपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात छताची झडप उघडली आणि एक मिशाळ चेहरा उलटा लोंबला. देवदूतच! देवदूत घाम पुसत म्हणाला, "साहेब, पोटात गोळा आलाय. जरा हात लावून बघता?"

असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

गोळा वर्षभर जुना होता. सोनोग्राफी झाली, नळी घालून झाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मामा आणखी घाबरला. यंत्रालाही सापडत नाही म्हणजे केवढा आत असेल! तो लिफ्टच्या खोल विहिरीत उतरायचं टाळू लागला. मालकाने बजावलं, "उतरणार नसशील तर दुसरा माणूस बघतो."

शेवटी डॉक्टरांनी बोलून उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. मामी कडाडल्या, "बोलून गोळा जातो? मग माझ्याशी बोला की! लग्न झाल्यापासून 'हं'च्या पुढे गेला नाहीत."

"वेडा ठरवतायत मला," मामा पुटपुटला. धीराला म्हणून त्याने मामींबरोबर मलाही ओढून नेलं.

खोलीत पंखा खटखटत होता. मामा दोन्ही हातांनी पोट धरून बसला.

"बाई, गोळा खोटा आहे का हो?"

"छे. तुम्हाला होतो तो त्रास खराच आहे. येतो कधी?"

"लिफ्टच्या टपावर पाय ठेवला की."

"आणि एरवी माणसाच्या पोटात गोळा कधी येतो?"

मामा हसायला गेला. हसू अर्ध्यावरच राहिलं.

"घसरली होती," तो म्हणाला. "मी टपावर उभा होतो. अंधार. ब्रेक सुटला, लिफ्ट हातभर खाली गेली. हातभरच. मी ओरडलोसुद्धा नाही. मग ब्रेक नीट केला, घरी आलो, जेवलो."

"आणि मला बोलला नाहीत?" मामींनी हळूच विचारलं.

"तू काम सोडायला लावलं असतंस."

"कुठल्या इमारतीत?" मी विचारलं.

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याच पोटात काहीतरी गोल गोल फिरलं.

पुढे कित्येक आठवडे तो बाईंकडे जात राहिला. त्यांच्या सांगण्यावरून आधी बंद लिफ्टच्या टपावर नुसता बसायचा, गोळा येऊ द्यायचा, ओसरेपर्यंत थांबायचा. एकदा मला दाराआडून त्याचा कापरा आवाज ऐकू आला, "आलास? बस मेल्या तिथेच. मला नट आवळू दे." मग पान्ह्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मी दाराला कान लावून श्वास रोखला. मग पुन्हा पान्हा.

मामाची नोकरी टिकली. गोळा अजून येतो, पण कमी. मी पाचव्या मजल्यावरच्या घरी जिन्याने जातो.