मागीलदारचा उतार

नवरा ओरोसच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाला आणि आमच्या घरात गवंडी, सुतार आणि रंगारी असे तिघे एकदम राहायला आले. तिघेही तोच. मोबाइलवर बघून शिकायचं, कणकवलीहून सामान आणायचं आणि हत्ती गेला की शेपटाशी थांबायचं, ही त्याची रीत. न्हाणीघरातल्या कपाटाला दार आहे, कडी नाही. ओटीवरच्या बाकाच्या तीन पायांना पॉलिश झालंय, चौथा अजून उघडाच आहे. मी शाळेत शिकवणारी बाई, अर्धवट उत्तराला अर्धेच मार्क देते. पण गेल्या वर्षी त्याने एक काम हाती घेतलं आणि ते पुरं व्हावं म्हणून मी चक्क नवस बोलले.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, चालणं मात्र परत आलं नाही. चाकांची खुर्ची घरी आली. आमचं घर एकेक खोली वाढवत गेलेलं, त्यामुळे दाराला दार तशी पायरीला पायरी. पुढे ओटीवरून खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरायला तीन पायऱ्या, मागे स्वयंपाकघर माजघरापेक्षा दोन पायऱ्या खाली. उचलून न्यायला गेलं की पडण्याच्या धास्तीने त्या दाराची चौकट घट्ट धरून ठेवायच्या. मग खाट, खिडकी आणि खुर्ची एवढंच उरलं. आधी जेवण कमी झालं, मग बोलणं. संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, घरात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा असायचा. आता नुसते ओठ हलायचे. एकदा पेजेची वाटी बाजूला सारून त्या म्हणाल्या, आता देवाने न्यावं. अशा गोष्टी म्हातारी माणसं बोलतातच, पण हे बोलणं तसं नव्हतं. मला भीती वाटली.

आमच्या खळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस, आहे, आजेसासऱ्यांनी चिऱ्यात बांधलेला. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला तिथे मेणबत्ती लावत. माय अशी सुकत चालली ती खुरसाला अंतरली म्हणून, असं नवऱ्याने ठरवलं. मलाही ते पटलं. ओटीवरून खळ्यात उतार बांधतो, तुला रोज खुरसाकडे नेतो, असं त्याने आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरां.’

मग खळ्यात चिरे आले, सिमेंट आलं. पहिला उतार इतका खडा झाला की चाचणीसाठी खुर्चीत बसलेली मी थेट अबोलीच्या वाफ्यात जाऊन पडले. सासूबाईंना बसवायच्या आधी मला बसवलं, ही त्याची आईवरची माया आणि बायकोवरचा विश्वास. त्याने तो उतार मुकाट्याने फोडला आणि खळ्यात लांबवर नेऊन पुन्हा बांधला. चाक घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर नारळाच्या झावळीच्या हिराने रेघा ओढल्या, कडेला कठडासुद्धा केला. सगळंच्या सगळं पुरं केलं. मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांना खाली नेलं. वाड्यावरची शेजारपाजारची माणसं जमली होती, गायन झालं, उकडलेले चणे वाटले. सासूबाईंनी मेणबत्ती लावली, हात जोडले. दुसऱ्या दिवशी नवरा खुर्ची घेऊन उभा राहिला तर म्हणाल्या, आज नको. तिसऱ्या दिवशी पाय दुखत होते. पुढे त्याने विचारायचं सोडलं, आणि मी त्या उतारावर आमसुलं वाळत घातली, कारण ऊन तिथे चांगलं यायचं. तो मग बाकाच्या चौथ्या पायाचं नाव काढलं तरी चिडायला लागला.

त्याच सुमारास चर्चमध्ये मिस्सेत बायबलमधल्या त्या आंधळ्याचं वाचन आलं. रस्त्याकडेला बसून हाका मारणाऱ्या आंधळ्याला येशू जवळ बोलावतो आणि आधी विचारतो, तुला काय हवंय? लहानपणापासून मला हा प्रश्न फुकटचा वाटत आलाय. आंधळ्याला दुसरं काय हवं असणार? त्या रविवारी मात्र तो मनात अडकून बसला. ज्याला सगळं ठाऊक, तोही विचारतो. आणि आम्ही दोघं शहाणे, चिरे उतरवून मोकळे.

घरी येऊन मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, ‘माय, तुका खंय जावचा आसा?’

त्या हळूच म्हणाल्या, ‘मागीलदारी.’

मागीलदारी, म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, रोज सकाळी किनाऱ्यावरून एक मासेवाली येते. सासूबाईंच्याच वयाची. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून ती पाटी उतरवून तिथल्या पायरीवर बसते आणि सासूबाई दारात बसून मासे निवडायच्या. मासे निवडायला वेळ किती, आणि दोघी उठायच्या कधी. दोघींच्या लेकींची बाळंतपणं, दोघींचं विधवापण, सगळं त्या पायरीवर बोलून झालेलं. पाटी घेऊन घरात शिरायचं नाही हा तिचा नेम. देवाचा आलतार असलेल्या घरात आपला वास कशाला, म्हणायची. पाटी बाहेर ठेवून ये म्हटलं तरी ऐकायची नाही. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे तिने बाहेरून हाक मारली तरी पोचायची नाही. खुर्ची आल्यापासून निरोप्याचं काम माझ्याकडे होतं. ती कशी आहेस विचारते, मी आत जाऊन सांगणार. बरी आहे म्हणून सांग, मी बाहेर येऊन सांगणार. मधे मासे, सुट्या पैशांची मोड आणि माझी घाई.

आधी का नाही बोललात, असं मी विचारलं. लेक खुरसाकडे नेतो म्हणत असताना, नको, मला मासेवालीकडे ने, असं कसं सांगायचं, हे त्यांचं उत्तर. आणि मग, आपण काही पाप बोलतोय अशा आवाजात म्हणाल्या, ‘देवाक फादर खाटीकडे हाडता. तिका कोण हाडतलो?’

दर पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन, म्हणजे भाकरीच्या रूपातला देव, घेऊन घरी येतात ते खरंच. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आमसुलांच्या उतारावर जाऊन बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणणार होते, पण त्याचं तोंड बघून गप्प राहिले. थोड्या वेळाने तो उठला आणि माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या खाली काढू लागला. स्वयंपाकघरात उतरायला त्याने लाकडाचा उतार केला, खाली पट्ट्या ठोकल्या, दाराजवळचं फडताळ हलवून खुर्चीपुरती वाट काढली. या वेळी तो स्वतःच आधी बसून उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दारात बसल्या होत्या. मासेवाली माडांमधून आली, पाटी उतरवायला वाकली आणि तशीच थांबली.

‘खंय होतंस गो इतके दिस?’

‘हयंच होतंय,’ सासूबाई म्हणाल्या.

तिने गालाला लावायला हात पुढे केला, आणि ओला आहे हे लक्षात येऊन मागे घेतला. सासूबाईंनी तो धरला आणि स्वतःच्या गालावर दाबून ठेवला. मग दोघी बांगडे माशांच्या भावावरून भांडायला लागल्या, आणि मी चहा ठेवायला वळले.

संध्याकाळी तेर्साला बसण्याआधी मी ओलं फडकं घेऊन त्यांचं तोंड पुसायला गेले. गालावर एक खवला चिकटून सुकला होता. त्यांनी माझा हात अडवला.

‘रवांदे,’ म्हणाल्या, आणि मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली.