मारक्या आत्याचा डोळा

वसईजवळच्या उमेळ्यात माझ्या आत्याला सगळे मारकी आत्या म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं. कुणाशी बिनसलं की आधी तिचा हात उठायचा, कारण मागाहून कळायचं. नवऱ्याने एकदा अंगावर हात टाकला, तर तिने त्याचं मनगट मोडलं आणि त्याच दिवशी माहेरच्या केळीच्या वाडीत परत आली. आजोबांनी काही न विचारता अर्धी वाडी तिच्या नावावर केली. दुधात पाणी घालणाऱ्या दूधवाल्याच्या डोक्यात तिने त्याचीच चरवी हाणली होती. तो पुढे पंधरा वर्षं तिच्याकडे दूध घालत राहिला. मीही तिचे फटके भरपूर खाल्ले. मारून झालं की ती गरम भाकरीवर तूप घालून पुढ्यात ठेवायची आणि मी रडत रडत ती खायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आजूबाजूच्या वाड्यांत इमारती उठायला लागल्या. बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, आपली अर्धी वाडी विकून तुळिंजला फ्लॅट घेतला. आत्या आपली वाडी विकेना. मग बिल्डरचे मातीचे ट्रक यायला लागले. माणसं कुंपण तोडून केळींवर भराव टाकायची आणि ही कोयत्याच्या मुठीने त्यांना झोडपायची. एकाचे दोन दात तिने पाडले. एकाने लोखंडी सळीने तिचा खांदा फोडला, तर हात गळ्यात अडकवून ती डाव्या हाताने मारत राहिली. दर वेळी ट्रकपाशी एक पांढऱ्या शर्टातला माणूस मुकाट उभा असतो, असं ती सांगायची. त्याचा चेहरा तिला दिसत नसे, कारण तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता.

डॉक्टरकडे चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "अजून पिकला नाय. गजा सांगतो, कच्चा काढला तर डोळा जातो." गजा म्हणजे माझे बाबा. जुन्या माणसांत हा समज होताच, आणि केळीचा घड कधी उतरवायचा ते जन्मभर बघणाऱ्या बाईला तो चटकन पटला. ती दोन वर्षं थांबली. दिव्याभोवती तिला वलयं दिसायची, घड कापताना बोट कापलं जायचं. मग एका सकाळी कुंपणातून आत येणाऱ्या माणसाच्या कपाळात तिने कोयत्याची मूठ घातली. तो शेणखताची पाटी घेऊन आलेला आमचाच म्हातारा गडी होता. त्याला सात टाके पडले. आत्या दिवसभर त्याच्या दारात बसून राहिली, पाणीसुद्धा प्यायली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "ने मला. पिकला नसंल तरी ने."

बाबांनी पुन्हा थांबायलाच सांगितलं असतं, म्हणून मैत्रिणीकडे राहायला जाते असं सांगून मी घरातून निघाले. वसईच्या डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, तो पिकायची वाट बघायची नसते, फार थांबलं तर तो कडक होतो, असं त्यांनी तिला सुनावलं. आता ते भिंग काढून दुसरं बसवायचं आणि टाके घालायचे होते. एका वेळी एकच डोळा करणार होते. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "माझे हात बांधा. डोळ्याला कोनी हात लावला तर माझा उठंल." त्यांनी खरोखर बांधले.

पट्टी निघाल्यावर तिने आधी मला बघितलं आणि एवढी कशाने वाळलीस म्हणून झापलं. महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. डोळ्यात थेंब घालायला मी कामावरून रजा काढून तिच्याकडेच राहिले. काळा चष्मा लावून ओटीवर बसलेली आत्या बारा दिवस कुणाला मारत नाही, हे बघायला शेजारणी येऊन जायच्या.

त्यानंतरच्या सकाळी ट्रक आले. कुणीतरी गड्याला लाथ घातली आणि तो मातीत कोसळला. मी आत्याच्या कंबरेला मिठी मारली, तर तिच्या कोपराने माझा ओठ फुटला. ती कोयता घेऊन धावली. एकाच्या गुडघ्यावर घाव बसला, तो ओरडत लोळायला लागला, बाकीचे मागे सरले. ती थेट पांढऱ्या शर्टावर गेली. त्याने अडवायला हात पुढे केला, तिचा चष्मा उडाला, आणि कोयता उगारलेली आत्या जागच्या जागी थांबली.

ते माझे बाबा होते.

"गजा," ती म्हणाली, "डोळा पिकू दे म्हनालास, ते याच्यासाठी?"

बाबा दोन्ही हातांनी डोकं झाकून उभे राहिले. तिने कोयता खाली केला आणि मला म्हणाली, "चल, थेंब घालायची वेळ झाली."

डोळा लालभडक झाला होता, पण वाचला. ट्रक पुन्हा आले नाहीत. बाबा मात्र दर रविवारी यायचे. ओटीखाली उभं राहून म्हणायचे, "ताई, मार ना मला. एकदा मार." ती बोलायची नाही आणि मारायचीही नाही. मला बाबांचा संताप यायचा, कीवही यायची. दुसरा डोळा तिने कधी करून घेतला नाही. एकाने पुरेसं दिसलं, म्हणायची. अशी सात वर्षं गेली.

ती गेली तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. बाबा जवळ बसले, तिचा उजवा हात उचलला आणि आपल्या गालावर मारून घेतला. मग पुन्हा, जोरात. तिसऱ्यांदा त्यांच्या नाकातून रक्त आलं. चौथ्या वेळी मी तो हात त्यांच्याकडून हिसकावून घेतला. सात वर्षं तिने जे दिलं नाही, ते मी त्यांना घेऊ देणार नव्हते.