पारोळ्यानंतरचा सौदा

करणी, बाधा, चाहूल... असलं काही सांगणारा भेटला की मी त्याच्या तोंडावर हसायचो. बैलांच्या बाजारात तीस वर्षं दलाली केली. दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून उभं राहण्यापासून सुरुवात, पुढे जळगावात मेहरूणला स्वतःचं घर. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे मला त्याच्या बोटांवरून कळतं. त्यामुळे खालचं वाचून हसू आलं तर हसा — मीही हसलो असतो.

बोटांचं आधी सांगतो. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर उपरणं टाकायचं आणि खालून समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका आकडा. पटलं की तळहातावर थाप. माझी बायको सुमन हे माझ्याकडून शिकली आणि माझ्यापेक्षा पक्की झाली. चारचौघांत मी फार बोलायला लागलो की पदराखालून माझं एक बोट दाबायची — एकच मिनिट, मग उठा!

तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, जळगावातच. दुसऱ्या लाटेत ते सेंटर कोविड वॉर्डासाठी घेतलं. एक खेप हुकली, मग दुसरी. तोंड सुजलं, धाप लागायला लागली. मग तिला गाडीत घालून दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. सकाळचे अकरा, एप्रिलचं ऊन. गाडी तिचा धाकटा भाऊ प्रकाश चालवत होता.

गेटवरचा माणूस म्हणाला, "रिपोर्ट?"

"कसला रिपोर्ट? किडनीचा पेशंट आहे."

"निगेटिव्हचा आणा, इथे घेऊ. पॉझिटिव्हचा आणा, कोविडला बेड बघू. रिपोर्टशिवाय आत सोडता येत नाही, काका."

"आणि रिपोर्ट यायला?"

"दोन-तीन दिवस."

एका आजाराला जागा होती. माझ्या बायकोला नेमका तोच नव्हता.

आणि इथे मी चूक केली. बाजारात 'नाही' म्हणजे बोलणी सुरू. पहिलं 'नाही' ऐकून जो घरी जातो तो दलाल कसला? मी गेटला धरून उभा राहिलो. विनवलं, ओरडलो, कॉलर धरली, पुन्हा विनवलं. दोन तास! ते 'नाही' खरंच 'नाही' होतं, हे मला कळलंच नाही.

शेवटी सुमननंच काच खाली केली. "अहो, बठ्ठा दवाखाना इकत लेतस का? चला आते." अख्खा दवाखाना विकत घेताय का, म्हणे.

धुळ्यात एका ठिकाणी डायलिसिस चालू आहे असं फोनवर कळलं. निघालो. मी मागे तिच्याजवळ बसलो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून हातांवर उपरणं टाकलं. एरंडोल गेलं. "माले घर कवय लई जाशात?" घरी कधी नेणार, एवढंच विचारलं तिनं, मग डोळे मिटले.

पारोळा मागे पडला. मी म्हटलं, "पाच दिवस तरी ठेवून घेतील बघ." आणि गंमत म्हणून उपरण्याखाली तिचा पंजा धरला. पाच.

तिनं माझं एक बोट धरलं.

मला हसू आलं. चार, म्हटलं. पुन्हा एक बोट. मुकटी गाव येईपर्यंत मी तीनवर आलो, ती एकवरच. घट्ट, बाजारात धरतात तसं. धुळ्याजवळच्या फागण्याच्या अलीकडे मी हार मानली. "बरं बाई, एक दिवस." माझ्या तळहातावर थाप पडली.

धुळ्याच्या दवाखान्यात गाडीपाशीच डॉक्टर आले. नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, जबडा चाचपला. "यांना जाऊन तास तरी झालाय."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. प्रकाशनं मला मागून मिठी मारली.

"दाजी... अक्कानी मान पारोळ्याच्या आधीच पडनी व्हती. मी आरशात देखं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलू? तुम्ही हासी ऱ्हायंतात."

रिपोर्टशिवाय तिला ताब्यात देत नव्हते. तिथेही रिपोर्ट! स्वॅब घेतला, दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आला, आणि मी तिला घरी आणलं. बरोबर एका दिवसानं.

नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भाऊ, धक्का होता, हात तुमचाच थरथरत असेल. मनाचे खेळ. असतीलही. मी शिकलेला माणूस नाही. त्या गेटवरचा राग अजून गेलेला नाही, आणि त्या दोन तासांचा माझ्यावरचाही. पण आयुष्यभर हात धरून पोट भरलं आहे. स्वतःचा हात कोणता आणि समोरच्याचा कोणता, एवढं मला कळतं. आणि तो खेळ माझ्याच मनाचा असता, तर मी पाचवरच अडून बसलो असतो. एकवर कशाला आलो असतो?