बोरूबायच्या सुनेचा हेलकाढ्या

उलबोलसूनचं म्हणणं एवढंच होतं, की मुखवटे घालून जग वाचवणाऱ्या वीरांचे सिनेमे निघाले असतील ढीगभर, पण त्या सगळ्यांच्या वर बसेल असा एकच, हेलकाढ्याचा. आता हे म्हणणं काही खून-दरोड्याचं नव्हे. पण अतबाशीजवळच्या आमच्या गावात तिने हा विषय काढला रे काढला, की लोक हसायचे, नाहीतर चहा ओत म्हणायचे. चहा ओतता ओतता ती पुन्हा सुरुवात करायची, तोवर गप्पा मेंढ्यांच्या विण्यावर गेलेल्या असायच्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

चहाचं काम तिचंच. सुनेनं चहाच्या समोवराशी बसायचं, स्वतः सगळ्यांमागून प्यायचं आणि ओतायचा तो अर्धाच पियाला. अर्धा म्हणजे मान, पिणाऱ्याचा हात पुन्हा पुन्हा पुढे यावा म्हणून. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, की प्या आणि चालू लागा. तीसेक वर्षं उलबोलसूनने इमानेइतबारे अर्धेच पियाले ओतले. सुनेची अक्कल पियाल्यात दिसते, असं तिची थोरली जाऊ जुराकान म्हणायची, आणि स्वतः मात्र लोडाला टेकून बसायची.

हा हेलकाढ्या आला कुठून, तेही सांगायला हवं. आपला किरगिझ देश रशियापासून नवा नवा वेगळा झाला, त्या दिवसांत गावच्या क्लबात एक टीव्ही आणि व्हिडिओ आला. कॅसेटवर परदेशी सिनेमे, आणि नाक चोंदलेला एकच माणूस सगळ्यांचं बोलणं रशियनमध्ये सांगणार. नायिकेचंही तोच, तिच्या आईचंही तोच. म्हाताऱ्यांना रशियन कळेना. उलबोलसून तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, नारीनला वसतिगृहात राहून शिकलेली, रशियन फाडफाड. तिला टीव्हीशेजारी स्टुलावर बसवली, हातात माइक दिला, आणि ती तिकडचं ऐकून इकडे किरगिझमध्ये सांगू लागली. काही दिवसांतच लांडग्याची कॅसेट आली.

झाली का पंचाईत! सासऱ्याचं नाव बोरूबाय, आणि बोरू म्हणजे लांडगा. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्या नावात बसलेला शब्दही काढायचा नाही. कळपात लांडगा शिरला तरी आमच्याकडे अशी सून 'तो आला, तो' म्हणूनच ओरडणार. त्यात बोरूबाय पहिल्या रांगेत मधोमध, पांढरी टोपी चढवून बसलेला. टीव्हीवरचं अख्खं शहर 'लांडगा, लांडगा' करतंय आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. लोक माना वळवून बघायला लागले. शेवटी ती म्हणाली, "हेलकाढ्या आला." रात्रीचा हेल काढून ओरडतो तो हेलकाढ्या. बोरूबायने मान डोलावली. सून शहाणी आहे, असं बाहेर पडताना शेजाऱ्याला सांगितलंसुद्धा. झालं, गावभर तेच नाव पडलं. पोरं हेलकाढ्या-हेलकाढ्या खेळत मोठी झाली. त्यांतल्या निम्म्यांना आज टक्कल पडलंय आणि अजून त्यांना वाटतं, त्या वीराला जगभर असंच म्हणतात.

सिनेमा म्हणाल तर साधाच. जोनास नावाचा एक पहारेकरी, बंदरावर नोकरी, आई लोकांचे कपडे धुणारी. त्याच्या अंगात लांडग्याचं बळ येतं. मग तो करडं टोपडं ओढून गल्लीबोळांतून धावतो आणि लोकांना वाचवतो. उडता येत नाही बिचाऱ्याला. एका ठिकाणी छपरावरून उडी मारताना कमरेला बांधलेली तार चक्क दिसते. शहर त्या टोपड्यावर जीव ओवाळून टाकतं आणि टोपडं काढलं की त्याच जोनासवर 'ए पहारेकऱ्या' म्हणून खेकसतं. शेवटी भर बाजारात खलनायक त्याला विचारतो, तू आहेस तरी कोण? तेव्हा हा टोपडं मागे सारतो आणि सांगतो, मी जोनास, धोबिणीचा जोनास.

उलबोलसूनचा जीव इथे अडकला होता. बाकीचे वीर जन्मभर नाव लपवतात आणि त्यालाच मोठेपणा समजतात, असं ती म्हणायची. त्यात कसला आलाय मोठेपणा? नाव लपवून राबायला कुणालाही येतं, गावातली कुठलीही सून बघा. चारचौघांत नाव सांगायला छाती लागते, आणि ती त्या एकट्या जोनासकडे होती.

कारण तिचं स्वतःचं नाव सासरच्या उंबऱ्यावर चपलांबरोबर राहिलं ते राहिलंच. घरात ती केलिन, म्हणजे सून. पोरांना जेंगे, म्हणजे वहिनी. गावाला बोरूबायची सून. नवरा केरिमकुल तर 'ऐकलंस का' एवढ्यावर सगळा संसार निभावून गेला. सासऱ्याचं नाव तिने घ्यायचं नाही ही रीत, ती तिने पाळली. पण तिचं नाव कुणी घेऊ नये अशी रीत कुठे होती? कुणाला गरज पडली नाही, एवढंच. तेच तिला जास्त लागायचं. नावही काही मिरवण्याजोगं नव्हे. उलबोलसून म्हणजे 'मुलगा होवो'. चौथीही मुलगीच झाली तेव्हा बाप कालमुर्झाने कपाळाला हात लावून ठेवलेलं. पण नकटं असलं तरी नाक आपलंच ना.

तर या साली नूरूजचा, नव्या वर्षाचा सण जवळ आला आणि क्लबाचा नवा प्रमुख नुरदोलोत याच्या डोक्यात एक कल्पना आली. क्लबात आता मोठा पडदा होता. सणाला जुना हेलकाढ्या लावायचा आणि जुन्या दिवसांसारखं बोरूबायच्या सुनेलाच माइकवर बसवायचं. लहानपणी हाच नुरदोलोत डोक्यावर बापाचा कोट ओढून गल्लीभर हेल काढत पळायचा. त्याने फोनवर 'हेलकाढ्या' शोधला, बिश्केकच्या ओळखीपाळखीच्यांना विचारलं, कुणालाच पत्ता नाही. शेवटी तो उलबोलसूनकडे आला, की जेंगे, खरं नाव काय त्या सिनेमाचं? आता ती कशी सांगणार? मेंढ्या पळवतो तो, म्हणाली. कोल्हा? त्याहून मोठा. अस्वल? अरे, बर्फात टोळीने फिरतो, हेल काढतो! नुरदोलोतच्या डोक्यात उजेड पडला तेव्हा तो हसून हसून जमिनीवर बसला.

मग त्यालाही चिडवायची लहर आली. आताच्या सिनेमांत शहरंच्या शहरं हवेत उडतात, माणूस सूर्याला हात लावून परत येतो, आणि तुमचा हा कमरेला दोरी बांधलेला गडी त्यांच्यावर कसा बसतो, असं त्याने विचारलं. तिने सगळं कारण पहिल्यापासून सांगितलं, जोनासचं नाव, बाजार, टोपडं. नुरदोलोत फोन बघत हं हं करत राहिला.

तिने एकच अट घातली. जाहिरातीवर तिचं नाव हवं.

"ते काय सांगायला हवं, जेंगे?" तो म्हणाला.

आणि जाहिरात लागली. क्लबाच्या दारावर, दुकानावर, शाळेच्या भिंतीवर. जोनासचं करडं टोपडं, आणि खाली हे मोठ्ठं: 'आवाज: बोरूबायची सून'.

उलबोलसून तडक क्लबात गेली. नुरदोलोत खुर्च्या लावत होता.

"माझं नाव कुठाय?"

"हे काय, एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"हे माझ्या सासऱ्याचं नाव. मी तर ते वाचूनसुद्धा दाखवू शकत नाही."

"अहो जेंगे, सगळा गाव तुम्हाला असाच ओळखतो. दुसरं काही लिहिलं तर लोक म्हणतील, ही बाई कुठून आणली?" एवढं बोलून तो थांबला, आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "तसं तुमचं नाव काय आहे?"

 ज्याचा शेंबूड पुसला त्याने हे विचारावं? शेवटी तिने नाव सांगितलं. नुरदोलोतने शपथ घेतली, की कार्यक्रमाआधी मंचावरून खणखणीत आवाजात सांगतो, अगदी बापाच्या नावासकट. घरी जुराकानला कळलं तर ती म्हणाली, असलं नाव झाकून ठेवावं, दवंडी काय पिटायची? केरिमकुल तिथेच होता. तो बूट पुसत राहिला. मूग गिळून बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

नूरूजला सकाळी कढयांतून सुमोलोक, म्हणजे मोड आलेल्या गव्हाची सणाची लापशी, वाटून झालं आणि दुपारी क्लब खचाखच भरला. बोरूबाय पहिल्या रांगेत, तीच मधली जागा. आता नव्वदीला टेकलेला, कानांनी पार गेलेला. शेजारी जुराकान, पलीकडे केरिमकुल. उलबोलसूनने ठेवणीतला निळा रुमाल बांधला होता. नुरदोलोत मंचावर चढला, सगळ्यांना सणाच्या शुभेच्छा दिल्या, क्लबाचं छप्पर दुरुस्त झाल्याचं सांगितलं, ज्याने सणाला मेंढी दिली त्याचे आभार मानले, आणि मग हात पसरून म्हणाला, "आणि आता आपल्या सगळ्यांची लाडकी, बोरूबायची सून!"

टाळ्या कडाडल्या. उलबोलसून माइक धरून बसली होती. तो तिथल्या तिथे त्याच्या डोक्यात घालावा असं तिच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर घातला असता तरी कुणी तिला दोष दिला नसता.

सिनेमा सुरू झाला. रागाने म्हणा, कशाने म्हणा, पण त्या दिवशीसारखी ती कधीच बोलली नव्हती. बंदराचा मुकादम खेकसला तशी हीही अशी खेकसली, की मागच्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं. हेलकाढ्या म्हटलं की टकले बाप्ये पोरांसारखे शिट्ट्या मारत होते. तार दिसली तेव्हाही टाळ्या पडल्या. मग तो बाजार आला. खलनायकाने विचारलं, तू आहेस तरी कोण? जोनासने टोपडं मागे सारलं, पडद्यावर त्याचे ओठ हलले, आणि माइकमधून आवाज आला:

"मी उलबोलसून. कालमुर्झाची उलबोलसून."

शिट्ट्या थांबल्या. नुरदोलोतने जीभ चावली. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून बोरूबायने मोठ्यांदा विचारलं, "कोण म्हणाला?"

जुराकान त्याच्या कानाला लागली. त्याला ऐकू जाईना. मागून कुणीतरी ओरडलं, उलबोलसून! मग दुसरा, मग तिसरा, मग सगळी रांगच, म्हाताऱ्याला कळावं म्हणून, उलबोलसून, उलबोलसून! तीसेक वर्षांत जे नाव गावात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं ते छपराला जाऊन भिडलं. 

"ऐकलं, ऐकलं," बोरूबाय म्हणाला. "पण ही उलबोलसून कोण?"

"तुमची धाकटी सून, बाबा," जुराकान ओरडली.

"मग तसं सांगा की! नावं कसली घेता?"

क्लब हसून फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. केरिमकुलही हसला, ते तिने बघितलं. पडद्यावर तोवर बाजारातला एकेक माणूस पुढे येऊन 'जोनास, जोनास' म्हणत होता, आणि ते सगळं तिलाच सांगायचं होतं. तिने सांगितलं. शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. मग माइक स्टुलावर ठेवून ती मागच्या दाराने घरी गेली आणि गाईचं दूध काढायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले. जुराकानही आली होती, कालची मजा पुन्हा एकदा घोळवायला. बोरूबायने नेहमीसारखी हाक दिली, "सुने, चहा." उलबोलसूनने पियाला घेतला, दूध घातलं, आणि चहा ओतायला लागली. अर्ध्यावर हात थांबला नाही. काठापर्यंत आला तरी थांबला नाही. तुडुंब भरलेला पियाला तिने दोन्ही हातांनी नेऊन सासऱ्यापुढे ठेवला आणि आपल्या जागी येऊन बसली.

जुराकानच्या हातातली रोटी हातातच राहिली. सासऱ्याला भरला पियाला! म्हणजे त्याच्याच घरात त्याला प्या आणि चालू लागा. केरिमकुल समोवराकडे बघत बसला, जसं काही तो समोवरच आता बोलणार होता.

बोरूबायला ऐकू येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते. त्याने पियाल्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, पुन्हा पियाल्याकडे. त्या वयात माणूस चिडला तर घर डोक्यावर घेतो, ते सगळ्यांनाच माहीत. त्याने दाढी चाचपली. मग मुलाकडे वळून म्हणाला, "काल हिने नाव काय सांगितलं?"

केरिमकुलचे कान लाल झाले. त्याने घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"उलबोलसून," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल."

"उलबोलसून!"

"हं." म्हाताऱ्याने पियाला बोटाने पुढे सरकवला. चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला. "उलबोलसून, एवढा कसा पिऊ मी? अर्धा कर."

ती उठली. तो पियाला उचलला, त्यातला अर्धा चहा आपल्या पियाल्यात ओतून घेतला आणि उरलेला त्याच्यापुढे ठेवला. मग खाली बसून, कुणाची वाट न बघता, पहिला घोट तिने घेतला.